सीमेची संहिता : युरोपांतर्गत व्यावसायिक प्रवासाचे नियम आणि त्यांचे वाचन

स्थलांतरविषयक साहित्याचा तौलनिक अभ्यास करताना ‘सीमा’ ही संकल्पना आपण बहुधा नकाशावरील रेषा म्हणून गृहीत धरतो. तारेचे कुंपण, तपासणी नाका, शिक्का मारणारा अधिकारी ही तिची परिचित रूपे होत. १९९५ नंतरच्या युरोपविषयक लेखनाला हे गृहीतक जसेच्या तसे लावता येत नाही. तेथील सीमा बऱ्याच अंशी अवकाशातून काळात सरकली आहे. कामानिमित्त वारंवार ये-जा करणाऱ्या व्यावसायिकाच्या अनुभवात हे सर्वाधिक स्पष्ट दिसते. आपल्या चर्चाविश्वात या प्रवाशाला फारसे स्थान नाही. त्याच्या हाती परतीचे तिकीट असते, एवढ्यावरून तो सीमेच्या जाचातून मुक्त असावा असे आपण मानतो. त्याला लागू होणारे नियम पाहिले तर हा समज टिकत नाही.

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी, मोझेल नदीवरील एका बोटीत, बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी परस्परांमधील तपासणी क्रमाक्रमाने रद्द करण्याचा करार केला. १९९० च्या अंमलबजावणी-कराराने त्याला तपशील दिला आणि २६ मार्च १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला. बल्गेरिया व रुमानिया यांच्या पूर्ण प्रवेशानंतर, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून, या क्षेत्रात २९ देश आहेत. आयर्लंड व सायप्रस बाहेर आहेत. युरोपीय संघाच्या नागरिकास येथे दिवस मोजावे लागत नाहीत. अन्य देशांच्या नागरिकास मात्र, व्हिसा लागो वा न लागो, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही.

‘कोणत्याही’ हे विशेषण येथे कळीचे आहे. १९९० च्या करारात ‘पहिल्या प्रवेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांत तीन महिने’ अशा आशयाची तरतूद होती. ‘पहिला प्रवेश’ म्हणजे कोणता? आयुष्यातील पहिला, की प्रत्येक सहामाहीतील पहिला? एका रुमानियन नागरिकाच्या प्रकरणात हा प्रश्न युरोपीय न्यायालयापुढे आला. ३ ऑक्टोबर २००६ च्या निकालात न्यायालयाने दुसरा अर्थ स्वीकारला. त्याचा परिणाम असा की एखाद्याने एक दिवस येऊन परत जावे, सहामाहीच्या अखेरीस उरलेले दिवस वापरावेत आणि लगोलग नव्या सहामाहीचे तीन महिने जोडावेत, हे शब्दशः वैध ठरले. संहितेचा अर्थ हा असा आहे. तो नको असेल तर विधिमंडळाने संहिता बदलावी, अशी न्यायालयाची भूमिका होती. ऑक्टोबर २०१३ मध्ये ती बदलली. आता मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून १८० दिवस पाहावयाचे असतात. मूळ करार जर्मन, फ्रेंच व डच या तिन्ही भाषांत समान प्रमाण होता, म्हणजे त्यात एक ‘मूळ’ आणि दोन भाषांतरे अशी उतरंड नव्हती. भाषांतरमीमांसेत रस असणाऱ्यांनी या कायद्याकडे अद्याप वळू नये, याचे नवल वाटते.

मोजणीचा काच उदाहरणाने कळेल. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटिश नागरिकही या मोजणीच्या कक्षेत आले. लंडनहून दर सोमवारी सकाळी ब्रुसेल्सला जाऊन गुरुवारी रात्री परतणारा सल्लागार घ्या. त्याच्या रात्री तीन, पण दिवस चार. कारण येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. बावीस आठवड्यांत ८८ दिवस होतात. तेविसाव्या आठवड्यात मंगळवारी नव्वद पुरे होतात आणि बुधवारी, त्याच कचेरीत, त्याच टेबलापाशी बसलेला तो माणूस बेकायदा ठरतो. त्याने कोणतीही रेषा ओलांडलेली नसते.

भारतीय नागरिकांसाठी एप्रिल २०२४ मध्ये व्हिसाचे नियम शिथिल झाले. आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरले असतील तर दोन वर्षांचा, आणि त्यानंतर सामान्यतः पाच वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो. मात्र पाच वर्षांचा व्हिसा म्हणजे पाच वर्षांचा मुक्काम नव्हे. नव्वद दिवसांची मर्यादा तशीच राहते.

दिवसांहून अवघड शब्द ‘काम’ हा आहे. बैठक, वाटाघाटी, प्रदर्शनाला भेट हे सामान्यतः भेटीत मोडते. यंत्र बसवणे, ग्राहकाच्या कचेरीत संगणकप्रणाली लिहिणे हे कामात जाऊ शकते. ही विभागणी प्रत्येक देश स्वतः करतो, म्हणून व्हिसा सामाईक असला तरी कामाची व्याख्या सामाईक नाही. १९९४ मध्ये न्यायालयाने एका बेल्जियन कंपनीच्या प्रकरणात वेगळी वाट काढली. तिने इमारत पाडण्याच्या कामासाठी आपले मोरोक्कन कामगार फ्रान्सला नेले होते. बेल्जियममध्ये रीतसर राहणाऱ्या व नियमित नोकरीत असलेल्या या कामगारांसाठी फ्रान्सने पुन्हा कामाचा परवाना मागणे सेवास्वातंत्र्याशी विसंगत ठरले. येथे स्वातंत्र्य कंपनीचे आहे, कामगार त्याच्या आधाराने सीमा ओलांडतो. हा भेद स्थलांतरितांच्या कथनांत ‘मुक्त संचार’ हा शब्द भेटेल तेथे आठवावा.

१२ ऑक्टोबर २०२५ पासून बाह्य सीमांवर शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे व चेहऱ्याची प्रतिमा नोंदवणारी संगणकीय व्यवस्था टप्प्याटप्प्याने सुरू झाली. अल्पमुदतीच्या प्रवाशाचे दिवस आता यंत्र मोजते. सदस्य देशाचा निवासपरवाना असणारे मात्र या नोंदीतून वगळलेले आहेत. पुण्याहून जाऊन नेदरलँड्सच्या परवान्यावर राहणाऱ्या अभियंत्यास उर्वरित शेंगेन देशांत मिळून १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पण तो जर्मनीत केव्हा शिरला याची नियमित नोंद कोठेही होत नाही; जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये सर्व भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, तरी ती प्रत्येक प्रवाशाचे दिवस मोजत नाही. प्रश्न उपस्थित झालाच तर रेल्वेची तिकिटे, हॉटेलची बिले आणि कंपनीकडे सादर केलेले प्रवासखर्चाचे कागद, एवढ्यांतूनच त्याला आपली रोजनिशी जुळवावी लागते.