चिमुकल्यांचे विज्ञान : स्वयंपाकघरात आणि अंगणात

गेल्या पावसाळ्यात एका धर्मग्रामातील बालवाडीला भेट देण्याचा योग आला. मुलांनी करवंटीत माती भरून वाल पेरले होते. त्यांपैकी चार वर्षांचा एक मुलगा रोज बोटाने माती उकरून आपला वाल पाहत असे आणि पुन्हा पुरून ठेवीत असे. साहजिकच तो रुजला नाही. शेवटी शिक्षिकेने त्याची करवंटी उंच फळीवर ठेवून दिली. शिस्तीच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या मुलाची मागणी आम्हाला रास्त वाटली. मातीच्या आत काय चालले आहे हे त्याला पाहायचे होते आणि आपण ते नेमके झाकून ठेवले होते.

त्याला हवे होते ते दाखविणे अवघड नाही. काचेच्या पेल्याला आतून ओल्या सुती फडक्याचे अस्तर लावावे व रात्रभर भिजविलेले वाल काच आणि फडके यांच्यामध्ये अडकवावेत. तळाशी थोडे पाणी असावे. वाल मात्र त्यात बुडू नयेत. दोन-तीन दिवसांत मूळ बाहेर पडते. एक वाल सरळ, एक आडवा आणि एक उलटा ठेवावा व कोणाचे मूळ कोठे जाईल, असे मुलांना आधीच विचारावे. उलट्या वालाचे मूळ वर निघेल, असे बहुतेक मुले सांगतात. प्रत्यक्षात ते वळसा घेऊन खालीच जाते. आमच्या घरोघरी बिरड्यासाठी वालांना मोड आणले जातात, पण ते फडक्यात गुंडाळून! मुलांच्या ताटात पडते ते तयार बिरडे.

या लहानशा प्रसंगावर एवढे लिहिण्याचे कारण आहे. आपले मूल तीन वर्षांचे झाले की ते कधी लिहू लागेल, ही चिंता पालकांना ग्रासते. पालकांच्या आग्रहापायी बालवाडीही वाल रुजविण्याऐवजी वालाचे छापील चित्र रंगवून घेते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळ, कृती आणि शोध यांवर भर दिला आहे. आपल्याकडे हा विचार त्याहून बराच जुना आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य उभारले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून दगड, शिंपले, बिया आणि पाने हीच तेथील साधने झाली. आज पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावांतील तो अनुभव आमच्या पालकांनी विसरावा, ही खंत वाटते.

स्वयंपाकघरात असे पुष्कळ काही सापडते. पांढऱ्या कापडावर हळदीचे पाणी लावून वाळवावे आणि त्यावर धुण्याच्या साबणाचे पाणी सोडावे. पिवळा डाग लालसर होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा! आया हे दर धुण्याच्या वेळी पाहतात. मुलाला ती जादू वाटते. साबण हा अल्कधर्मी आहे आणि लिंबू आम्ल, हे त्याला आज सांगण्याची गरज नाही. ‘आणखी कशाने लाल होईल?’ एवढे विचारून थांबावे. ते चुना, दही, चिंच, राख असे काहीबाही सुचवील आणि मोठ्यांच्या देखरेखीखाली करून पाहील. चुना तेवढा आपण स्वतः हाताळावा.

बादलीभर पाण्यात सालीसकट संत्रे टाकावे, ते तरंगते. सोललेले संत्रे मात्र बुडते. साल काढल्याने फळ हलके झाले, तरी ते बुडावे याचे मोठ्यांनाही नवल वाटते. सालीच्या सच्छिद्र पांढऱ्या भागात हवा असते, हे त्यामागचे कारण. त्याचप्रमाणे ताजे अंडे गोड्या पाण्यात तळाशी बसते; पेल्यात चमच्याचमच्याने मीठ विरघळवीत गेले, की ते वर येते. येथे घाई करणारे आपणच असतो. मुलाने अंदाज सांगण्यापूर्वीच आपण उत्तर सांगून मोकळे होतो आणि मग त्याला पाहण्यासारखे काही उरत नाही. त्याचा अंदाज चुकला तरी दुरुस्त करू नये, ते काम पाणी करील.

एक सूचना मात्र कळकळीची आहे. लहान मुले वाल, वाटाणे, चिंचोके नाकाकानात घालतात. ओलाव्याने बी फुगते आणि ते काढण्यास डॉक्टर गाठावा लागतो. लोहचुंबकाचे बारीक तुकडे आणि खेळण्यांतील चपटे सेल गिळले गेल्यास जिवावर बेतते. ते मुलांच्या हाती देऊच नयेत. बावखलाच्या किंवा विहिरीच्या काठी बेडकाची पिल्ले दाखवावयाची असतील तर मुलाचा हात हातात असावा.

अंगणात लिंबाचे झाड असेल तर पावसाळ्यात त्याची कोवळी पाने नीट पाहावीत. पक्ष्याची शीट पडल्यासारखे जे दिसते, ते पुष्कळदा फुलपाखराचे सुरवंट असते. ते पुढे हिरवे होते आणि डिवचले की डोक्यामागून शिंगासारखा उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेले नीलवंतही लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. सुरवंट डबीत कोंडण्यापेक्षा झाडावरच ठेवून रोज एकदा मुलांना तेथे न्यावे. एखाद्या दिवशी ते नाहीसे झालेले आढळेल. पक्ष्याने नेले असेल, तर तसे सांगावे. मुलांना ते कळते.

सावलीचा खेळ सर्वांत सोपा. मुलाला अंगणात उभे करून सकाळी, दुपारी आणि सायंकाळी त्याची सावली खडूने आखावी; पाय दर वेळी त्याच जागी असावेत. आपल्या वसई परिसरात मे महिन्याच्या मध्यास दुपारी साडेबारानंतर काही मिनिटांनी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या पेल्याची सावली त्याच्या बुडाखाली नाहीशी होते. जुलैच्या अखेरीसही तसे घडते, पण तेव्हा आभाळ बहुधा भरलेले असते. म्हणून मेच्या सुट्टीत आजोळी आलेल्या नातवंडांना दुपारच्या जेवणाआधी टोपी घालून पाच मिनिटे अंगणात न्यावे आणि पेला त्यांनाच मांडू द्यावा.