गाडी मोजावी की माणूस?

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे मुंबईची शेवटची ट्राम निघाली, तेव्हा तिला निरोप देण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा माणसे लोटली होती. १८७४ साली घोड्यांच्या बळावर सुरू झालेल्या आणि १९०७ पासून विजेवर धावू लागलेल्या या संथ वाहनाविषयी मुंबईकरांच्या मनात माया पुष्कळ होती. परंतु ट्राम रस्ता अडविते, ती एकदा गेली म्हणजे रस्ता मोकळा होईल, हा तिच्यावरील आक्षेपही निरोप देणाऱ्यांपैकी अनेकांना मान्यच असावा. रूळ गेले, रस्ता मोकळा झाला, आणि ती मोकळी जागा पुढे मोटारींनी अशी व्यापली की आज त्याच मार्गावर ट्रामच्या गतीचा हेवा वाटावा. मेलबर्न आणि झुरिक या शहरांनी मात्र आपल्या ट्राम राखल्या, आणि तेथील नागरिक आजही त्यांतूनच कचेरी गाठतात.

रस्ता अडविणारे वाहन कोणते हे ठरविताना आपण त्याची लांबी-रुंदी पाहिली, त्यात बसलेली माणसे मोजली नाहीत. नागरी वाहतुकीविषयी सुशिक्षित समाजात जे गैरसमज रूढ आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या एका मोजमापाच्या चुकीत आहे. केंद्र सरकारने २००६ साली राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण मंजूर केले, त्यात वाहनांच्या नव्हे तर माणसांच्या ये-जा करण्यास महत्त्व द्यावे, हे तत्त्व स्पष्ट नमूद आहे. परंतु धोरण दप्तरात आणि डांबर रस्त्यावर, असा आपल्या कारभाराचा रिवाज आहे.

या गैरसमजांपैकी सर्वांत चिवट तो असा, की रस्ता रुंद केला अथवा त्यावर उड्डाणपूल बांधला म्हणजे कोंडी कायमची फुटते. नळ लहान पडला तर मोठा बसवावा, तितके हे सरळ वाटते. पण पाणी नळ पाहून वाढत नाही, आणि मोटारी मात्र रस्ता पाहून वाढतात. कोंडीच्या धास्तीने जो गृहस्थ काल लोकलने जात होता, अथवा गर्दीची वेळ टाळून निघत होता, अथवा मुळात निघतच नव्हता, तो रस्ता मोकळा झाल्याची वार्ता ऐकताच आपली मोटार बाहेर काढतो. त्याचा शेजारीही तेच करतो. आणि काही काळाने नवा रस्ता जुन्या रस्त्याइतकाच तुंबतो. अँथनी डाउन्स या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६२ सालीच हा नियम मांडला होता, आणि २०११ मध्ये ड्युरँटन व टर्नर यांनी अमेरिकेतील शहरांची आकडेवारी तपासून दाखविले की महामार्गांची लांबी ज्या प्रमाणात वाढते, जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांची धावही वाढते. ह्यूस्टन शहरातील केटी फ्रीवे २००८ साली रुंद करण्यात आला, तेव्हा बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी त्याच्या मार्गिका सव्वीसपर्यंत गेल्या. तरीही थोड्याच वर्षांत गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

पण इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. मुंबईत विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे पन्नास उड्डाणपुलांची योजना राबविली गेली, आणि आज त्या पुलांवरच गाड्या खोळंबलेल्या दिसतात. पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल तर दीड दशकही पुरे होण्यापूर्वी, २०२० साली, पाडावा लागला, कारण त्या जागी मेट्रोसह नवा दुमजली पूल उभारावयाचा होता. उलट सोलमध्ये चोंगेचोन या ओढ्यावर बांधलेला उन्नत रस्ता २००३ मध्ये मोडून काढण्यात आला, २००५ मध्ये त्याखालचा ओढा पुन्हा वाहता झाला, आणि मधल्या काळात, २००४ साली, तेथील नगरपालिकेने शहराच्या बससेवेची नव्याने घडी बसविली. भाकीत झाले होते तसा हाहाकार काही उडाला नाही.

दुसरा गैरसमज जमाखर्चाचा आहे, आणि तो अधिक प्रतिष्ठित मंडळींत आढळतो. बससेवा तोट्यात चालते, सबब ती महापालिकेच्या गळ्यातील धोंड आहे, असे म्हटले जाते. मुंबईत १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली; ७ ऑगस्ट १९४७ रोजी तो सारा व्यवसाय, वीजपुरवठ्यासह, महापालिकेच्या ताब्यात येऊन ‘बेस्ट’ झाला; आणि विजेच्या खात्यातील शिलकीतून बसची तूट भरून काढण्याची रीत पुढे कित्येक वर्षे चालली. ही तूट खरी आहे, ती कोणी नाकारू नये. पण तोटा हा शब्द आपण बसपुरताच का राखून ठेवला आहे? मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सुमारे १४,००० कोटी रुपये खर्च झाले. त्यावर पथकर नाही, दुचाकी व तीनचाकी वाहनांना तेथे मज्जाव आहे, आणि तरीही तो मार्ग ‘तोट्यात’ आहे असे कोणी म्हणत नाही, त्याला विकास म्हणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना पथकर माफ झाला. आणि त्यानंतर सातच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, बेस्टच्या बसचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले. हे दोन निर्णय एका कागदावर शेजारी शेजारी लिहून पाहिले म्हणजे सरकारी औदार्याचा ओघ कोणत्या दिशेस वाहतो ते समजते. याच बसचे किमान भाडे जुलै २०१९ मध्ये आठावरून पाच रुपये केले गेले होते, तेव्हा काही आठवड्यांतच उतारूंची संख्या लाखांनी वाढली होती. म्हणजे लोकांना बस नकोशी झाली आहे, हेही खरे नव्हे.

मेट्रो आली, आता बस कशाला, असाही प्रश्न हल्ली विचारला जातो. मेट्रो स्थानकापर्यंत नेते, घरापर्यंत नेत नाही, एवढे उत्तर पुरे आहे. आणि स्थानकापासून पुढे ज्याला चालायचे आहे, त्याची पदपथावरील अवस्था वर्णन करण्याची गरज नाही.

सिंगापूरहून परतलेले स्नेही दिवाणखान्यात बसून तेथील वाहतुकीचे तोंड भरून वर्णन करतात. मात्र तेथे मोटार घेण्यापूर्वी दहा वर्षांच्या मुदतीचा परवाना बोली लावून घ्यावा लागतो, आणि ही पद्धत १९९० पासून अमलात आहे, हा तपशील त्यांच्या प्रवासवर्णनात सहसा येत नाही. आपल्याकडे मोटार घेणाऱ्याची अशी समजूत असते की मोटारीबरोबर ती उभी करण्याची जागाही आपण खरेदी केली. गाडी घराबाहेर उभी करण्यास पैसे मागितले की त्याला तो अन्याय वाटतो. त्या जागेचे माप मात्र घेऊन पाहावे. रस्त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या एका मोटारीस सुमारे अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. गिरणगावातील चाळीची दहा बाय बारा फुटांची खोली, जिच्यात आई-वडील, चार मुले आणि गावाहून आलेला एखादा पाहुणा असा संसार पिढ्यानपिढ्या होत आला, ती सुमारे अकरा चौरस मीटरची. दिवसाचे बहुतेक तास रिकामी उभी असलेली मोटार शहराची त्याहून किंचित अधिक जमीन अडवून असते. आणि त्या खोलीला निदान भाडे तरी द्यावे लागे.