दोनशे केंद्रकांतले ठिपके

आशागड-तलासरीच्या पट्ट्यात रक्ताचा आजार म्हटला की आधी सिकलसेल आठवतो. तो जनुकातल्या एका अक्षराचा बदल, त्याची तपासणी निराळी. पण पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेला रुग्ण आला, की प्रश्न गुणसूत्रांपर्यंत जातो आणि नमुन्याला डहाणू रोडवरून मुंबई गाठावी लागते. त्या रिपोर्टवर विसंबायचं कशाच्या जोरावर, हे पाहायला संपादकांनी मला परळच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं.

1960 साली नॉवेल आणि हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींत एक खुजं गुणसूत्र दिसलं. 9 आणि 22 या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्यानं ते तसं होतं, हे 1973 मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. आता ही अदलाबदल शोधायला 'फिश' तपासणीत त्या दोन गुणसूत्रांवरच्या एका जनुकावर नारिंगी, दुसऱ्यावर हिरवा प्रोब, म्हणजे ठरावीक जनुकालाच चिकटणारा चमकता डीएनएचा तुकडा, बसवतात. तापवून डीएनएचे धागे सुटे करायचे आणि प्रोब घालून रात्रभर 37 अंशांवर ठेवायचं. जनुकं जोडली गेली असतील तिथे पिवळा ठिपका उमटतो.

अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेल्या ताई मला सर्वांत जास्त भावल्या. निळ्या केंद्रकांतले ठिपके त्या एकेक करून मोजत होत्या. शंभर त्यांनी, शंभर दुसऱ्या सहकाऱ्याने. एकाला दुसऱ्याचा आकडा ठाऊक नसतो. स्लाइडवर केंद्रक चपटं होतं, त्यामुळे निरोगी पेशीतही नारिंगी-हिरवा एकमेकांवर पडून खोटा पिवळा दिसू शकतो. मग खरा कोणता?

याचं उत्तर प्रोबच्या डबीवर मिळत नाही. प्रोब योग्य जागीच बसतो का, हे आधी विभाजन होत असलेल्या पेशींवर तपासतात. त्यासाठी पुरुषांचं रक्त घेतात, म्हणजे वाय गुणसूत्रही तपासलं जातं. मग निरोगी माणसांचे नमुने मोजून खोट्या पिवळ्यांची मर्यादा ठरते. दोनशेत एकच खोटा आढळला, तरी 95 टक्के खात्रीची वरची मर्यादा दोन टक्क्यांपुढे जाते. म्हणजे किमान पाच पेशी तशा दिसल्याशिवाय आजार आहे म्हणता येत नाही. शेवटी तीच तपासणी दिवसामागून दिवस करून आकडा स्थिर राहतो का, ते पाहतात. परदेशातली मर्यादा उसनी घेणं मला धोक्याचं वाटतं. स्लाइड इथल्या, मोजणारे डोळेही इथले.

अडचणी मात्र हटत नाहीत. प्रोबची नवी खेप आली की तो पुन्हा पडताळायचा. विरळ दोषांचे नमुने पुरेसे मिळत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय आजारी बाजूची पडताळणी अपुरी राहते. दूरवरून येणाऱ्या रक्तात प्रवासात पेशी मरतात, ठिपके फिके पडतात. दोनशेत चार पिवळे आले, तर ताई 'नाही' असं लिहीत नाहीत. दुसऱ्या पद्धतीची तपासणी किंवा नवा नमुना मागवतात. तेव्हा आशागडच्या माणसाचा पुन्हा एक रोज बुडतो. तो वाचवायचा असेल, तर हेपॅरिनची योग्य नळी, नमुना घेतल्याची वेळ आणि गोठू न देता त्याच दिवशी पाठवायची सोय डहाणूतच हवी.