सभासद बदलले, रीत राहिली

बबून माकडांच्या बहुतेक जातींमध्ये नर वयात आला की जन्माचा कळप सोडतो आणि परक्या कळपात शिरतो. माद्या मात्र आयुष्यभर एकाच कळपात राहतात. त्यामुळे नरांची पिढी सतत बदलत असते, आणि अशा समूहात एखादी रीत टिकते का, हे पाहण्याची मोठी सोय होते.

केनियातील मसाई मारा अभयारण्यात रॉबर्ट सापोल्स्की अशाच एका कळपाचा अभ्यास करत होते. त्यातले दांडगे नर पर्यटक-निवासाच्या उकिरड्यावर जाऊन तिथल्या माकडांशी झुंजत आणि अन्न पळवत. १९८०च्या दशकाच्या मध्यास तिथल्या दूषित मांसातून क्षयरोग पसरला आणि हे सगळे भांडखोर नर मेले. मागे उरले मवाळ नर, माद्या आणि पिल्ले. कळप शांत झाला, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. दहा वर्षांनी पाहिले, तर त्या मवाळ नरांपैकी एकही उरला नव्हता. सगळे नर बाहेरून आलेले होते. तरीही दुबळ्यांना छळण्याचे प्रमाण कमीच होते आणि खालच्या दर्जाच्या नरांच्या शरीरात ताणाच्या खुणा आढळत नव्हत्या. सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध केले. नवख्यांना कोणी मुद्दाम शिकवत असल्याचे दिसले नाही. माद्या मात्र त्यांना लवकर जवळ करत, त्यांचे अंग साफ करत. छळ न झालेल्या माद्यांचा हा मोकळेपणाच बहुधा नव्या नरांना निवळवत असावा. रीत जपणारे कोण, याचे उत्तर इथे बहुधा असे आहे: जे जागेवर राहिले ते.

सगळेच बदलले तर? १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जेकब्स आणि कॅम्पबेल या संशोधकांनी अंधाऱ्या खोलीत माणसांच्या गटाला स्थिर, पण सरकल्यासारखा भासणारा प्रकाशबिंदू दाखवून तो किती सरकला, असे विचारले. गटात संशोधकांनी आधीच सामील करून घेतलेल्या माणसांनी ठरवून फुगवलेले आकडे सांगितले. मग गटातला एकेक जुना सभासद काढून नवा आणला. सामील माणसे गेल्यावरही तो खोटा अंदाज चार-पाच पिढ्या रेंगाळला, पण हळूहळू विरला. निराधार रीत फार काळ तग धरत नाही.

उपयोगाची रीत मात्र नवख्यांना ओढून घेते. जर्मनीतील एरफुर्ट येथील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दोन गट होते. सामाईक निधीत वर्गणी देताना हात आखडता घेणाऱ्यास एका गटात दंड करता येई, दुसऱ्यात नाही. सुरुवातीला बहुतेकांनी दंड नसलेला गट निवडला. प्रयोगाच्या फेऱ्या सरत गेल्या तसे लोक दंडाच्या गटात आले, येताच अधिक वर्गणी देऊ लागले आणि चुकारांना स्वतःही दंड करू लागले. अखेरीस दंड नसलेला गट जवळजवळ ओस पडला होता.