वैशाखातले वादळ, रोहिणीतला पाऊस

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीत १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश तापमानाची नोंद झाली. परंतु आमच्या कोकणच्या उन्हाळ्याचे भय पाऱ्यापेक्षा समुद्रात अधिक आहे.

तळेऱ्याच्या तिठ्यावर, जेथून एक वाट विजयदुर्गाकडे उतरते आणि दुसरी गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जाते, वैशाखात एरवी दमट उकाडा आणि आंब्याच्या पेट्यांची लगबग असते. मात्र १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ, ज्याला म्यानमारने पालीचे नाव दिले होते, तापलेल्या अरबी समुद्रातून शक्ती घेत सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले, तेव्हा ऐन हंगामातील हापूस देवगडच्या सड्यांवरील कलमांखाली पडला, देठाचा चीक ओला असतानाच चिखलात माखला, माड उन्मळले, कौले उडाली आणि महसूल खात्यास पंचनाम्यांचे काम लागले. बागाईतदाराच्या वर्षभराच्या राखणीचे मोल पंचनाम्याच्या रकान्यात मावत नाही, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. दुसऱ्या दिवशी कुलाब्यास वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर गेला आणि त्या रात्री वादळ गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले.

२०२५ साली तर मोसमी वारेच २४ मे रोजी केरळात व दुसऱ्याच दिवशी देवगडापर्यंत आले. मुंबईत ते २६ मे रोजी, ११ जून या नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी पोहोचले. आंबापोळी आणि आमसुले वाळवण्याचे ते दिवस!