छायाचित्राचे वजन : काय टाकावे, काय राखावे

शिष्यवृत्तीचा अर्ज असो वा स्पर्धा परीक्षेचा, आता बहुधा तो संगणकावरच भरावा लागतो. छायाचित्र आणि गुणपत्रिका अमुक इतक्या केबीच्या आत असावी, अशी अट तेथे असते. मोबाइलवर काढलेला फोटो मात्र तीन-चार एमबीचा, म्हणजे हजारो केबीचा असतो. मग आपण सायबर कॅफेत पैसे मोजतो आणि आपली कागदपत्रेही परक्या संगणकावर ठेवून येतो. वास्तविक हे काम आपले आपल्याला विनामूल्य करता येते. त्यामागील तत्त्व तेवढे समजून घेतले पाहिजे.

डिजिटल चित्र म्हणजे रंगीत ठिपक्यांची जाळी होय. ४००० × ३००० ठिपक्यांच्या चित्रात १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येकास ३ बाइट धरल्यास ते सुमारे ३६ एमबीचे होईल. तरीही ते तीन-चार एमबीत मावते, कारण कॅमेऱ्याने ते 'जेपेग' पद्धतीने आधीच आवळलेले असते. या पद्धतीत चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडून डोळ्यांना सहसा न जाणवणारे बारकावे गाळले जातात. उजेड-अंधारातील फरक डोळ्याला जितका चटकन कळतो तितका रंगातील कळत नाही. म्हणून रंगांचा तपशील अधिक गाळतात. यामागील गणित बंगलोर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावर आधारलेले जेपेगचे मानक १९९२ मध्ये आले.

गूगलच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये 'स्क्वूश' हे साधन खुले केले. ते ब्राउझरमध्ये उघडते, पण चित्र बाहेर कोठेही पाठवत नाही. सारे काम आपल्याच यंत्रात होते. चित्र आत घेतले की पडद्यावर मधोमध एक रेघ दिसते. तिच्या एका बाजूस मूळ चित्र व दुसऱ्या बाजूस आवळलेले चित्र असते. प्रथम 'रिसाइझ'ने रुंदी ४००० वरून १२०० करावी. उंचीही त्याच प्रमाणात घटून ठिपके सुमारे एक-अकरांश उरतात. नंतर 'मोझजेपेग' निवडून 'क्वालिटी'ची पट्टी हळूहळू खाली आणावी. नवे वजन तेथेच दिसते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चेहऱ्याच्या फोटोत थोडे गाळले तरी खपते. अक्षरांचे तसे नाही. जेपेगमध्ये अक्षरांच्या तीक्ष्ण कडा लवकर फुटतात आणि ३ चा ८ वाटू लागतो. म्हणून गुणपत्रिकेच्या भोवतीचे टेबल आधी मोबाइलमध्येच कापून टाकावे, म्हणजे सगळी जागा कागदालाच मिळते. शेवटी चित्र मोठे करून नाव, आसन क्रमांक व गुण वाचून पाहावेत.

गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही, आणि आवळलेलेच चित्र परत परत आवळल्यास ते अधिकच बिघडते. म्हणून मूळ फोटो जपून ठेवावा व दर वेळी त्यावरूनच नवी प्रत करावी. किती केबी ठेवायचे हे अर्ज ठरवतो; त्या केबीत काय राखायचे, हे मात्र आपणच ठरवावे.