पत्ता एकदाच वाचा: आयपी पत्त्याचं अक्षरांतून बिटांत रूपांतर

मागच्या वेळी आपण सॉकेट उघडलं. आज त्याला पत्ता द्यायचा आहे. आपण १९२.१६८.१.१० असं टाइप करतो. आपल्या दृष्टीने तो पत्ता, पण संगणकाच्या लेखी ती नुसती बारा अक्षरं. खरा पत्ता म्हणजे ३२ बिटांचा, चार बाइटचा एक आकडा.

फोड करून पाहू. १९२ म्हणजे ११००००००, १६८ म्हणजे १०१०१०००, १ म्हणजे ०००००००१ आणि १० म्हणजे ००००१०१०. हे ओळीने जोडले की ३२३२२३५७८६ मिळतो. क्रम मात्र सांभाळा. नेटवर्कवर मोठ्या किमतीचा बाइट आधी जातो, तर इंटेलचा प्रोसेसर लहान किमतीचा बाइट आधी ठेवतो. म्हणून तो आकडा छापण्याआधी ‘एनटूएचएल’ हे फंक्शन वापरायचं, नाहीतर १०.१.१६८.१९२ चा आकडा दिसेल.

सी भाषेत हे रूपांतर करतं ‘इनेट_पीटॉन’. यातला पी म्हणजे प्रेझेंटेशन, माणसाने वाचायचं रूप. एन म्हणजे नेटवर्क. उलट दिशेला ‘इनेट_एनटॉप’. आयपी आवृत्ती ४ साठी ४ बाइट लागतात, ६ साठी १६. पीटॉन जमलं तर १ परत देतं, पत्ता चुकीचा असेल तर ०, आणि पत्त्याचा प्रकारच ओळखीचा नसेल तर -१. इथे ‘शून्य नाही ना, मग झालं’ अशी तपासणी करू नका. -१ सुद्धा खरंच धरलं जातं. उत्तर १ आहे का, तेच बघा.

आता कुणी विचारेल, जुनं ‘इनेट_अ‍ॅडर’ काय वाईट आहे? ते चूक झाली की -१ देतं, आणि २५५.२५५.२५५.२५५ या वैध पत्त्याचे बिटही नेमके तेच! चूक कुठली आणि पत्ता कुठला, कळायचं कसं?

याहून धोकादायक आहे सुरुवातीचा शून्य. ०१२.०.०.१ हा पत्ता घ्या. जुनी फंक्शनं शून्य पाहून तो भाग अष्टमान पद्धतीने वाचतात: ०१२ म्हणजे १०. दुसरी एखादी लायब्ररी शून्य गाळून १२ वाचते. आता समजा, आपला प्रोग्राम आतल्या नेटवर्कचे पत्ते अडवतो. तपासणारा म्हणतो, ‘१२.०.०.१, बाहेरचा आहे, जाऊ दे.’ जोडणी करणारा पोचतो १०.०.०.१ वर, थेट घरात. पहारेकरी जागा असून चोर आत! पायथॉनच्या ‘आयपीअ‍ॅड्रेस’ लायब्ररीतली शून्य गाळण्याची ही त्रुटी २०२१ मध्ये सुरक्षेची चूक म्हणून नोंदवली गेली, ३.९.५ पासून ती असे पत्ते नाकारते. लिनक्सवरच्या जीएनयू सी लायब्ररीतलं पीटॉनही नाकारतं.

अक्षरांची तुलना करूनही भागत नाही. ::१ आणि ०:०:०:०:०:०:०:१ दिसायला वेगळे, पण १६ बाइट तेच.

तेव्हा सवय एकच लावून घेऊ. पत्ता आत येताना एकदाच बिटांत बदलायचा, तपासणी त्या बिटांवर करायची आणि जोडणीही त्याच बिटांनी करायची. अक्षरं परत काढायची ती फक्त माणसाला दाखवण्यासाठी.